पावलांनी मोजलेलं लंडन

नानांसमोर 'लांब' म्हणायची सोय नव्हती. कुणी सहज म्हणालं की तीर्थपुरी लांब पडते, तर नाना मान वर करून विचारायचे, "किती?"

"लांब म्हंजे लांबच की नाना."

"किती पण?"

मग नाना स्वतःच सांगायला लागायचे. शाळेच्या फाटकापासून तीर्थपुरीच्या बाजारतळापर्यंत किती पावलं, त्यातली चढाची किती, उताराची किती, आणि ओढ्याला पाणी असलं तर वळशानं किती वाढतात. तोवर विचारणारा जीपमध्ये बसून निघून गेलेला असायचा. 'मोठं', 'भारी', 'इथंच तर आहे' या शब्दांवरही त्यांचा राग होता. हे आळशी माणसाचे शब्द, असं म्हणायचे.

नाना मोजणीच्या खात्यातून रिटायर झालेले. लोकांच्या जमिनीच्या हद्दी मोजून द्यायच्या, नकाशा काढायचा, दगड रोवायचे, हे काम त्यांनी जिल्हाभर केलं. नात्यानं माझे चुलत सासरे. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधे छातीएवढी भिंत. त्या भिंतीवरून मी आणि काकू, म्हणजे नानांची बायको, रोज बोलायचो. नानांशी मात्र मी लग्न होऊन आल्यापासून कधी बोलले नव्हते. ते समोरून आले की पदर सारखा करायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. ते पुढे जायचे. त्यांच्या पायाचा आवाज यायचा नाही, कारण ते चप्पल हातात घेऊन चालायचे. चपलेनं पाऊल खोटं पडतं, असं त्यांचं म्हणणं.

शर्टाच्या दोन्ही खिशांत चिंचोके असायचे. शंभर पावलं झाली की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. त्यामुळे कुणाशी बोलतानाही त्यांचा हात खिशाकडे जायचा आणि नवख्या माणसाला वाटायचं, हे आता काहीतरी काढून देणार.

काकू हसून सांगायच्या, "मला बघायला आल्ते ना, तर माझ्या तोंडाकडं पाह्यलं न्हाई. दारापासून चुलीपर्यंत चालत गेले, माघारी आले, आन् माझ्या बापाला म्हनले, तुमची भिंत हातभर वाकडी हाये. बाप म्हनला, पोरगी कशी वाटली? तर म्हनले, पोरगी सरळ हाये."

लग्नाच्या मांडवात नानांना बोलावलं की मांडववाला घाबरायचा. ते जेवायला बसण्याआधी मांडवाच्या चारी बाजू चालून यायचे आणि पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे की उजवीकडचा खांब दोन पावलं आत आलेला आहे. पोरं मुद्दाम विचारायची, "नाना, बुंदी बराबर हाये का?" नाना म्हणायचे, "बुंदी मोजता येत न्हाई, म्हनून मी बोलत न्हाई."

पण माझ्या सासूबाई गेल्या तेव्हाची गोष्ट मी विसरणार नाही. भेटायला येणारे सगळे एकच बोलायचे, फार माया होती, देवमाणूस होत्या. आमच्या मालकांच्या डोळ्यांत पाणी काही येत नव्हतं. ते दगडासारखे बसलेले. तिसऱ्या दिवशी नाना आले. हातातली चप्पल कडेला ठेवून बसले. मग म्हणाले, "वैनी घरातून विहिरीला जायच्या. दोनशे अठरा पावलं. भरली घागर घेऊन येताना दोनशे चाळीस. नळ येईपर्यंत रोज चार खेपा." एवढं बोलून ते उठून गेले. मालक तेव्हा रडले.

नानांचं दुसरं वेड म्हणजे लंडन. घनसावंगीच्या वाचनालयात लंडनला जाऊन आलेल्या लोकांची जेवढी पुस्तकं होती तेवढी त्यांनी वाचली होती. दुपारी ओसरीवर बसून ती काकूंना मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मधेच चिडायचे. आवाज भिंतीच्या अलीकडे येई.

"हा बी धुकं म्हनतो, तो बी धुकं म्हनतो. घड्याळ लई उंच. नदी लई रुंद. अरे, त्या पुलावरून तू चालला ना? मंग किती पावलं ते लिही की! जायचा एवढा खर्चा केला आन् पाह्यलं तेच, जे पयल्यानं लिहून ठेवलं होतं."

काकू तांदूळ निवडत म्हणायच्या, "तुम्हाला काय करायचंय त्या पुलाचं? आपल्या गोदावरीचा मोजला ना?"

"गोदावरीनं आपल्याला साखळी दिली न्हाई," नाना म्हणायचे. मोजणीची लोखंडी साखळी तेहतीस फुटांची असते, ती त्यांनी घरी खुंटीला टांगून ठेवली होती, दर दसऱ्याला तिला झेंडू वाहायचे. "आपल्यावर राज्य निजामाचं होतं, पन साखळी इंग्रजाची. त्या गावानं सगळी दुनिया मोजली. त्या गावाला एकदा कुनीतरी मोजून आनायला पायजे."

कुणी तरी त्यांना फोनवर लंडनचा नकाशा काढून दाखवला होता. बोटानं मोठा होतो, घरं दिसतात, रस्त्यांची नावं दिसतात. नानांनी बराच वेळ पाहिला. मग फोन परत दिला आणि म्हणाले, "दिसून तर राह्यलं. पन चाललं कोन?"

माझी मुलगी आणि जावई नोकरीसाठी लंडनला गेले आणि दोन वर्षांनी तिला दिवस गेले. बाळंतपणाला मी जावं असं ठरलं. मी औरंगाबादच्या पुढे कधी गेले नव्हते. घरातल्या घरातही चार माणसं आली की मी आतल्या खोलीत जाऊन उभी राहणारी बाई. जायच्या आठ दिवस आधी काकू भिंतीवरून म्हणाल्या, "नाना म्हनतेत, सूनबाईला उद्या सकाळी आपल्या रानात घेऊन ये."

मला काही कळेना. पण मोठ्या माणसाला नाही कसं म्हणणार? सकाळी काकू आणि मी गेलो. नाना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभे होते. त्यांनी साखळीनं तीन मापं मोजून दोन टोकांना दोन दगड ठेवले होते. काकूंकडे बघून म्हणाले, "तिला म्हनावं, ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत चाल."

मी चालले. एकसष्ट पावलं झाली. नानांनी मान हलवली.

"ही लाजायची पावलं झाली. तिला म्हनावं, विहिरीला जायची तशी चाल. कुनी बघत न्हाई." आणि ते खरंच पाठ करून उभे राहिले. काकूंनाही पाठ करायला लावली. दोन म्हातारी माणसं रानाकडे तोंड करून उभी, आणि मी एकटी चालले. बावन्न. पुन्हा बावन्न. तिसऱ्यांदा त्रेपन्न.

"बावन्न," नानांनी वहीत लिहिलं. "हे तुझं माप. आता तू तिकडं जिथं चालशील तिथली पावलं लिहून धाडायची. दुसऱ्यानं लिहिलेलं काही नको. तू चालली तेवढंच."

हे ते पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले. मी काकूंच्या कानात म्हटलं, मला काय लिहायला येतंय, मी चौथी झालेली.

काकूंनी सांगितलं. नाना म्हणाले, "आकडे चौथीपर्यंतच असतात. पुढं नुस्ता गोंधळ."

मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पहिला महिना बाळ-बाळंतिणीत गेला. डिंकाचे लाडू, शेक, मालिश, यात बाहेर काय आहे हे पाहायला वेळ नव्हता, आणि खरं तर तेच बरं वाटत होतं. पुढे मुलगी हिंडती-फिरती झाली तशी म्हणायला लागली, "आई, जरा खाली जाऊन ये. चार पावलं चाल. डोकं आंबून जाईल असं बसून."

मी कोट घालायची, बूट घालायची, जिना उतरायची. खालच्या दाराला एक काच होती. त्या काचेतून रस्ता दिसायचा. माणसं भराभर जायची, कुणी कुणाकडे पाहायचं नाही. मी तिथेच उभी राहायची. कुणी काही विचारलं तर? रस्ता चुकला तर कुणाला काय सांगणार? पाच मिनिटं काचेपाशी थांबून मी वर यायची. मुलगी विचारायची, गेलीस का? मी म्हणायची, गेले.

तिकडून काकूंचा फोन सारखा. "नाना रोज विचारतेत. सूनबाईचे आकडे आले का?"

एकदा मी खिडकीत बसून वही काढली. खाली रस्ता दिसत होता. कोपऱ्यावर पावाचं दुकान, पुढे वळलं की लाल टपालपेटी असल्याचं मुलीनं सांगितलं होतं, मग बागेचं फाटक, मग बागेच्या भिंतीकडेनं घर. मी लिहिलं. घर ते पावाचं दुकान एकशे चाळीस. उजवीकडे वळून टपालपेटी तीनशे. उजवीकडे वळून बागेचं फाटक नव्वद. उजवीकडे वळून घर चारशे दहा. मुलीनं पानाचा फोटो काढून काकूंच्या फोनवर पाठवला. मला वाटलं, सुटले.

चौथ्या दिवशी फोन आला. काकूंचा नव्हता, नाना स्वतः बोलत होते. मी पदर डोक्यावर घेतला, फोनवरच.

"सूनबाई, हे बंद होऊन न्हाई राह्यलं."

"काय नाना?"

"तू घरातून निघाली आन् घरी आली. बराबर? मंग कागदावर बी तू घरी यायला पायजे. मी काढून पाह्यलं. तू शेजाऱ्याच्या घरात जाऊन थांबली. एकशे एकवीस पावलांची फट पडली." मग म्हणाले, "आन् सगळे आकडे शून्यावर संपतेत. खऱ्या चालनाऱ्याला एवढे शून्य सापडत न्हाईत."

माझे कान गरम झाले. पलीकडे काकू म्हणत होत्या, काय झालं, रागावू नका तिला. नाना म्हणाले, "तू भाकरी टाक, मी आलो," आणि फोन घेऊन ते अंगणात गेले असावेत, कारण गाईच्या गळ्यातली घंटी ऐकू यायला लागली.

"तुला एक सांगतो," ते म्हणाले. "काकूला बी सांगितलं न्हाई. नोकरीला चार-पाच वर्षं झाल्ती माझ्या. एका गावात दोन भावांच्या वाटणीची मोजनी होती. थोरला वारला होता, त्याची बायको होती. त्या दिवशी मला ताप. मी लिंबाखाली बसलो आन् जुन्या कागदावरून आकडे भरून टाकले. ती बाई धुऱ्यावर उभी होती, तोंडात पदर धरून. मी चाललो न्हाई हे तिनं सगळं पाह्यलं. पन मी परका मानूस, दीर तिथं हजर. ती बोलली न्हाई. तिच्या वाट्याला साडेतीन गुंठे कमी आले. मला नंतर कळलं. मी दुरुस्तीचा कागद घेऊन गेलो तर ती माहेरी निघून गेल्ती, आन् दिरानं तिथं मोसंबी लावून टाकली होती. कागदाला काय करायचं मंग?"

घंटी वाजत राहिली.

"तव्हापासून मी चप्पल काढली. मी रागावून न्हाई राह्यलो तुला. पन चाल. एकदा चाल."

त्या दुपारी मी मुलीच्या स्वयंपाकघरातल्या चिंचेतून दहा चिंचोके काढले, धुतले, कोटाच्या डाव्या खिशात टाकले आणि दार उघडून बाहेर पडले.

मोजायला लागलं की भीतीला जागा राहत नाही, हे मला तेव्हा कळलं. एक, दोन, तीन म्हणताना माणसांच्या तोंडाकडे बघायला वेळच नसतो. नव्वदच्या पुढे एका घरासमोर एक म्हातारा माणूस खराट्यानं पानं गोळा करत होता. त्यानं मान हलवून काहीतरी म्हटलं. मी दचकले आणि आकडा विसरले. परत घरी गेले, दारापासून पुन्हा सुरू केलं. तो पुन्हा बोलला. पुन्हा विसरले. तिसऱ्या वेळी मी लांबूनच मान हलवून ठेवली, तोंडानं आकडा चालूच ठेवला. तो हसला. मग रोज तो खराटा उभा धरून थांबायचा आणि मी ओठ हलवत त्याच्यासमोरून जायची. त्याला काय वाटत असेल कोण जाणे. देवाचं नाव घेते वाटत असेल.

घर ते पावाचं दुकान एकशे त्रेसष्ट. दुकान ते टपालपेटी दोनशे अठ्ठ्याऐंशी. टपालपेटी ते बागेचं फाटक एकशे एकोणसाठ. फाटक ते घर तीनशे सात.

आकड्यांच्या शेजारी मी थोडं थोडं लिहायला लागले. दुकानापासून दोनशेव्या पावलाला एका भिंतीवर कोल्हा बसलेला असतो. आपल्याकडे उसात असतो तसाच. कुणी त्याला हाकलत नाही आणि तोही कुणाला भीत नाही. टपालपेटीच्या अलीकडे एका खिडकीत एक बाई दिवसभर बसून असते, मी आधी जशी बसायची तशी. मी तिला हात केला, दुसऱ्या आठवड्यात तिनं मला केला. धुकं मला चारदाच दिसलं.

नानांनी नवे आकडे कागदावर मांडले आणि खूश होऊन फोन केला. "आता घरी आली तू! फकस्त एकोनीस पावलं जास्तीची पडतेत, शेवटच्या बाजूला. तुझ्याकडून चुकलं असंल. चालायचं, मानूस हाये."

मी ती बाजू पाच वेळा मोजली होती. पाचही वेळा तीनशे सातच. पण मी म्हटलं, "चुकलं असंल नाना."

पुढे मुलगी आणि जावई मला नदीवर घेऊन गेले. जावई मोठ्या घड्याळासमोर माझा फोटो काढायला उभे, आणि मी पुलाच्या टोकाशी जाऊन चिंचोके मोजत होते. जाताना चारशे चौतीस, येताना चारशे एकसष्ट. नानांनी विचारलं, "येताना वारा तोंडावर होता का?" होता. टोपी उडून जाईल एवढा होता. हे त्यांना हजारो मैलांवरून, नुसत्या सत्तावीस पावलांवरून कळलं. त्या दिवशी मला वाटलं, नाना माझ्या शेजारून त्या पुलावर चालून गेले.

सहा महिन्यांनी मी परत आले. चैत्र लागला होता. बॅग उघडली नाही तोच काकू भिंतीवरून म्हणाल्या, "चल बाई जल्दी. सकाळपासून रानात जाऊन बसलेत. गावातल्या बाया बी गेल्यात बघायला."

कापसाच्या पऱ्हाट्या उपटून नानांचं चार एकर रान मोकळं झालेलं होतं. त्या काळ्या रानात पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. फक्कीच्या, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशा. मला आधी काही समजलं नाही. मग पहिल्या कोपऱ्यावर एक वीट ठेवलेली दिसली, तिच्यावर खडूनं लिहिलं होतं, 'पावाचं दुकान'.

नानांनी माझ्या पावलांचं माप घेऊन माझा रस्ता जसाच्या तसा, तेवढाच्या तेवढा रानात आखला होता. लाल रंग दिलेला डबा म्हणजे टपालपेटी. दोन बाभळीच्या काट्या म्हणजे बागेचं फाटक. म्हातारा झाडायचा तिथे एक खराटा उभा रोवला होता. कोल्ह्याच्या जागी काही नव्हतं, तिथे नानांनी नुसतं एक मडकं पालथं ठेवलं होतं.

नानांचा मुलगा धुऱ्यावर हात बांधून उभा होता. "बघा वैनी. मला नांगरट करायचीय आन् बापानं रानात लंडन पेरलंय. येनारे-जानारे विचारतेत, टुरनामेंट हाये का?"

बाया रेघांवरून चालत होत्या, खिदळत होत्या. "बाई गं, लंडनात नुस्त्या रेघाच हायेत व्हय?" "तुझी लेक कुठं राहती यात?"

मी घराचा दगड दाखवला. "इथं. तिसऱ्या मजल्यावर."

सगळ्याजणींनी वर पाहिलं. वर नुसतं ऊन होतं. मग आम्ही सगळ्याच हसायला लागलो, नानाही.

नाना आता इतके वाकले होते की काठी टेकून चालत होते. मी तिकडे होते तेवढ्यात ते फार उतरले होते. काकूंनी मला फोनवर सांगितलं नव्हतं. त्यांनी हातानं मला खूण केली. "चाल. आन् सांग, बराबर हाये का."

मी निघाले. नानांचा मुलगा आणि त्याचे मित्र धुऱ्यावर, दहा-बारा बाया मागे, काकू, आणि शेजारी नाना. दुकान बरोबर आलं. टपालपेटी बरोबर आली. फाटकापाशी आले आणि थांबले.

काहीतरी चुकत होतं. फाटकाच्या काट्यांपासून घराचा दगड सरळ समोर दिसत होता. तिकडे तसं नव्हतं. फाटकापाशी उभं राहिलं की मला घर कधीच दिसत नसे. बागेची भिंत मधे यायची. अर्ध्यावर गेल्यावर घराचं दार दिसायला लागायचं आणि मला हायसं वाटायचं. रोज वाटायचं, पण ती भिंत वळत जाते हे मी कधी लिहिलंच नव्हतं. नानांनी पावलं मागितली होती, मी पावलं दिली. आणि नानांनी माझी एकोणीस पावलं चुकीची धरून कापून टाकली होती, आणि सरळ रेघ मारली होती.

"काय झालं?" नानांनी विचारलं. "बराबर हाये ना?"

सगळे थांबले होते. माझा हात पदराकडे गेला. हो म्हटलं असतं तर सगळे घरी गेले असते. उद्या तर नांगर फिरणारच होता. म्हाताऱ्या माणसानं उन्हात आठ दिवस राबून रेघ मारलेली. पण माझी ती एकोणीस पावलं खरी होती. मी ती थंडीत, एकटीनं, पाच वेळा चालले होते.

"न्हाई नाना," मी म्हटलं. "ही रेघ चुकली. ही बाजू सरळ न्हाई."

काकू म्हणाल्या, "असू दे की गं आता."

"न्हाई काकू. रस्ता आत वळतो. विळ्यावानी. म्हनून तीनशे सात भरतात. मी चुकले नव्हते."

नाना रेघेकडे पाहत राहिले. मग घराच्या दगडाकडे. त्यांच्या ओठांवर आकडे हलले. एकदम त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "एकोनीस! अरे, वळनात गेली ती एकोनीस! आन् मी ह्या बाईला चूक म्हनलो!" ते मुलाकडे वळले. "घमेलं आन ते फक्कीचं."

मुलगा म्हणाला, "नाना, उन्हाचं..."

"आन म्हनलं ना."

घमेलं आलं. नानांनी पायानं आपली सरळ रेघ पुसायला घेतली. काठीवर भार देऊन, एका पायानं, फाटकापासून घरापर्यंत सगळी. कुणाला हात लावू दिला नाही. आणि घमेलं माझ्याकडे सरकवलं. "टाक तू."

मी मूठ भरून फक्की सोडत गेले. पाय आपोआप वळत गेले. अर्ध्यावर आल्यावर घराचा दगड जसा समोर यायला पाहिजे तसा आला. दगडाशी पोचले तेव्हा तीनशे सात झाली होती. मी मोजत होते हे मला पोचल्यावर कळलं.

नाना मागच्या पोळ्याच्या आसपास गेले. मी तेव्हा पुन्हा इकडे लंडनला आले होते, मुलीला दुसरं झालं म्हणून. आता ही वही तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते आहे. बाळ झोपलं आहे, मोठा शाळेत गेला आहे. काकू फोनवर म्हणाल्या की साखळी त्यांनी खुंटीवरच ठेवली आहे. नाना किती चांगले होते असं लिहावं तर ते विचारतील, किती? म्हणून जे झालं ते लिहिलं.

आणि त्या दिवशीचं अजून एक राहिलं. मी दगडापाशी उभी होते, हात पांढरे झालेले. नाना हळूहळू माझ्या वळणावरून चालत आले. खिशातून त्यांनी घडी घातलेला नकाशा काढला, काकूंच्या पाठीवर ठेवून नीट केला आणि ती बाजू खोडून वाकडी काढली. मग खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"हितं मोजणाऱ्याचं नाव लागतं. मी मोजलेलं न्हाई हे." त्यांनी पेन्सिल ओठाला लावली. "सूनबाई म्हनून चालत न्हाई कागदावर. नाव काय गं तुझं?"

एकतीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेले आम्ही. धुऱ्यावरचे सगळे बघत होते. मी नाव सांगितलं, पण ते तोंडातल्या तोंडातच राहिलं. नाना पेन्सिल कागदावर टेकवून तसेच वाकून थांबले.

मी पुन्हा सांगितलं. धुऱ्यापर्यंत ऐकू गेलं.